भंडारदऱ्याच्या काठावर एक तिन्हीसांज

"तंबूत? म्हणजे जमिनीवर झोपायचं?" आईने फोनवर विचारलं.

"गादी असते गं."

"आणि रात्री बाथरूमला जायचं झालं तर?"

हा प्रश्न ती विचारणार हे ठाऊक असल्याने मी तो आधीच विचारून घेतला होता. तंबूपासून तीस पावलांवर पक्कं बांधलेलं स्वच्छतागृह, कमोड आहे, दिवा रात्रभर चालू. तुम्हीही आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन कॅम्पिंगला जाणार असाल, तर तळ्याचा फोटो बघण्याआधी हे विचारा. आमच्या दोन दिवसांच्या आनंदातला निम्मा वाटा त्या कमोडचा होता, असं मी अजिबात न लाजता सांगेन.

आई नाशिकला एकटी राहते. बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. आम्ही वडोदऱ्याला, त्यामुळे रोज संध्याकाळी फोन करायचा हा नेम. पण हळूहळू लक्षात आलं, की सहा ते सात या वेळात ती फोन उचलतच नाही. गेल्या दिवाळीत घरी गेले, तेव्हा कारण कळलं. साडेपाच वाजले की ती बाल्कनीचा पडदा ओढून घ्यायची, सगळे दिवे लावायची आणि टीव्हीचा आवाज मोठा करायची. पूर्वी ही दोघांची चहाची आणि फिरायला जायची वेळ होती. मी काही बोलले नाही. तीही नाही.

जानेवारीत उत्तरायणची सुट्टी आली. लेकीला वडोदऱ्याचे पतंग सोडायचे नव्हते, ती दोन दिवस रुसून बसली. पण मला संक्रांतीनंतरच्या दिवसांत आईला घरात ठेवायचं नव्हतं. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी चालतात आणि तीही नेमकी संध्याकाळीच. सोसायटीतल्या बायका नटूनथटून जिन्याने वर-खाली करत असतात. आधीच्या वर्षी आईच्या दारावर कोणी थाप मारली नव्हती. म्हणून भंडारदरा. नाशिकहून घोटीमार्गे दोन तासांत पोहोचता येतं आणि आईच्या गुडघ्यांना सोसेल इतकाच प्रवास होतो.

आता खरी गोष्ट सांगते. सूर्यास्त बघायला डोंगरावर जायचं, हे या कॅम्पचं मुख्य आकर्षण. जाहिरातीत तोच फोटो होता. आणि तिन्हीसांज झाली की पडदा ओढून घेणाऱ्या बाईला आपण नेमकं तेच बघायला नेतोय, हे घोटीचा टोलनाका मागे पडेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

घोटीहून डावीकडे वळलं की रस्ता बारी गावाकडे जातो. बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. १,६४६ मीटर उंचीचं हे शिखर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. पुढे शेंडी गाव आणि गावाला लागून धरण. हे विल्सन धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पूर्ण झालं. संपूर्ण दगडी बांधकाम, उंची साधारण २७० फूट. आई गाडीतून उतरली, कठड्याशी उभी राहिली आणि पहिल्यांदाच आपणहून बोलली.

"ही प्रवरा. रतनगडावर उगम पावते. पुढे नेवाशाजवळ गोदावरीला मिळते."

आई तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवायची. लेकीला हे माहीत होतं, पण आजीला शिकवताना तिने कधी पाहिलं नव्हतं. मलाही ते बघून वर्षं झाली होती. बाबांच्या अस्थी आम्ही नाशिकला गोदावरीतच सोडल्या होत्या. आई पाण्याकडे आणखी थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "चला, ऊन लागतंय."

शेंडीहून जलाशयाच्या उत्तर काठाने मुरशेतकडे रस्ता जातो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यावी लागते. कॅम्प पाण्याजवळच्या एका शेतात होता. भात कापून झालेलं खाचर, त्यात आठ तंबू, एका बाजूला मालकाचं कौलारू घर. मालक तिशीतला, त्याची आई आणि बायको चुलीवरचा स्वयंपाक बघतात. मला हे बरं वाटलं. जमीन ज्यांची, तेच तुम्हाला जेवू घालतात. शहरातून येऊन काठाची जागा भाड्याने घेऊन चालवलेले कॅम्पही इथे खूप आहेत. त्यातला एक आमच्या शेजारीच होता आणि दुपारी तीनपासून तिथल्या स्पीकरवर ढोल बडवणं सुरू होतं. जागा ठरवताना शेजारी कोण आहे हेही विचारावं, हा धडा मी तिथे घेतला.

साडेचारला मालक काठ्या घेऊन आला. "चला, निघायचं का? वरती पोचायला पाऊण तास, मावशींना धरून एक तास."

"मी नाही येत," आई म्हणाली. "तुम्ही या जाऊन."

"आई, गुडघ्याचं काही नाही, चढ सोपा आहे म्हणतोय तो," नवरा म्हणाला. "मी आहे ना तुमच्याबरोबर."

"गुडघ्याचं नाही हो."

तो पुढे काही विचारणार, इतक्यात मी त्याला डोळ्यांनी थांबवलं. एवढ्यात शेजारच्या स्पीकरने आवाज आणखी वाढवला. आईने त्या दिशेने एकदा पाहिलं, तंबूकडे पाहिलं आणि पायात बूट सरकवले. "इथे हे ऐकत बसण्यापेक्षा येते अर्ध्यापर्यंत. मग मी बसेन, तुम्ही पुढे जा." त्या स्पीकरवाल्यांवर मी दिवसभर चडफडत होते. तेवढा एक क्षण मात्र त्यांना माफ केलं.

डोंगराला नाव असं नव्हतंच. मालक म्हणाला, "आम्ही नुसतं 'वरचा माळ' म्हणतो." सुरुवातीला हिरड्याची आणि आंब्याची झाडं, मग कारवीची झुडपं. याच कारवीच्या काठ्या विणून, वर शेणमाती सारवून इथल्या घरांच्या भिंती करतात. तिच्या बहुतेक झुडपांना एकदमच, साधारण सात वर्षांनी फुलं येतात. त्यानंतर उघडा चढ, पायाखाली मुरूम आणि जानेवारीतलं वाळलेलं पिवळं गवत. हे गवत दिसायला मऊ, पण चढताना बूट मागे सरकतात. इथे काठी लागतेच. आई दर वीस पावलांनी थांबत होती आणि थांबली की काहीतरी दाखवत होती. समोरच्या कड्यावरचे आडवे पट्टे पाहून तिने नातीला विचारलं, "हे कशासारखं दिसतं?"

"केकच्या लेयर्ससारखं."

"बरोबर. एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता. थांबायचा, गार व्हायचा, पुन्हा यायचा."

"किती वेळ?"

"खूप वेळ. तुझ्या आईला तयार व्हायला लागतो त्याहून जास्त."

दोन तृतीयांश चढ झाल्यावर एक सपाट कातळ लागला आणि आई तिथे बसली. दम लागला होता, पण चेहरा ठीक होता. पावणेसहा वाजले होते. मालक म्हणाला, माथा अजून पंधरा मिनिटं. नवरा आणि लेक त्याच्याबरोबर पुढे निघाले. मी तिथेच उभी राहिले.

"तू जा की. एवढी आलीस."

"मीही दमलेय."

खोटं होतं आणि तिला ते कळलं. आम्ही शेजारी बसलो. समोर सगळा जलाशय पसरलेला, त्याचे फाटे डोंगरांच्या सांध्यांत शिरलेले. डावीकडे रतनगड आणि त्याच्या उजव्या अंगाला घाटघरकडचे डोंगर. त्या डोंगरांपलीकडे जमीन एकदम कोकणात कोसळते. मोबाइलवर सूर्यास्त सहा अठराचा दाखवत होता. मी मनात हिशेब केला, अजून अर्धा तास. आई त्या बाजूला बघायचं टाळत होती. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधणं चाललं होतं.

मग सहा वाजून सात-आठ मिनिटांनीच सूर्य डोंगराआड गेला. आमच्या अंगावरचं ऊन कोणीतरी चादर ओढून घ्यावी तसं गेलं. वरून लेकीची हाक आली, "आजी, अजून टाइम होता ना!"

ती धावतच खाली आली, तिचा बाबा मागून 'हळू, हळू' करत. माथ्यावरून त्यांना दोन मिनिटं जास्त दिसलं होतं इतकंच. पण लेकीला फसवल्यासारखं वाटत होतं. मोबाइलने सहा अठरा सांगितलं होतं.

"ती वेळ सपाट क्षितिजाची असते," आई म्हणाली. "समुद्र असता तर जुळली असती. इथे मध्ये डोंगर आहे, म्हणून आधी गेला." हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सह्याद्रीत खोऱ्यात उभं राहून सूर्यास्त बघायचा असेल, तर दिलेल्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच जागेवर पोहोचलेलं बरं.

"पण समुद्रावर आणखी एक गंमत असते," आई पुढे म्हणाली. तिचा आवाज वर्गातला झाला होता. "सूर्य पाण्याला टेकलेला आपल्याला दिसतो ना, तेव्हा तो खरं म्हणजे आधीच खाली गेलेला असतो. हवेतून येताना प्रकाश वाकतो. म्हणून तो गेल्यावरही दोनेक मिनिटं आपल्याला दिसत राहतो."

"म्हणजे नसतो, पण दिसतो?"

"हो."

"मग आपण कोणाला बघतो?"

आईने उत्तर दिलं नाही. तिने नातीला जवळ ओढलं आणि तिची टोपी कानांवर नीट केली. थोड्या वेळाने म्हणाली, "मागे बघ आता. पुढे सगळे बघतात."

मागे कळसूबाई होती. आम्ही सावलीत, जलाशय सावलीत, मुरशेतची घरं सावलीत, पण शिखरावर अजून ऊन होतं. तांबूस, वितळलेल्या गुळाच्या रंगाचं. सावलीची कड उतारावरून वर सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसत होती. ती आधी कारवीच्या पट्ट्यापर्यंत आली, मग उघड्या कड्यापर्यंत. शेवटी अगदी माथ्यावर, देवीचं छोटंसं मंदिर आहे तिथे, टिकलीएवढा उजेड उरला आणि गेला. तोवर कोणी काही बोललं नाही. शेजारचा स्पीकरही इतक्या उंचीवर नुसता धपधप ऐकू येत होता.

"साडेसहा झाले का?" आईने विचारलं.

"सहा बावीस."

"मला वाटलं जास्त झाले." मग जरा वेळाने, कोणाकडेही न बघता, "यांना चहा हवा असायचा आत्ता. वर्षभर मी या वेळी चहाच घेतला नाही. कॅम्पवर मिळेल का रे चहा?"

शेवटचं वाक्य मालकाला होतं. "मिळंल की मावशी. गवती चहा घालून देतो," तो म्हणाला.

सूर्यास्ताचा ट्रेक म्हटलं की सगळे चढणीची चौकशी करतात, उतरणीची कोणी करत नाही. आपल्याकडे सूर्य बराच सरळ खाली उतरतो. त्यामुळे संधिप्रकाश फार टिकत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचं दिसेनासं होतं. थंड देशांतल्या चित्रपटांत दिसते तशी तासभर रेंगाळणारी संध्याकाळ आपल्याकडे नाही. आणि त्या अंधारात तोच मुरूम, तेच वाळलेलं गवत, पण आता उताराचं. माझा भरवसा मोबाइलच्या टॉर्चवर होता. दिवसभर व्हिडिओ काढल्याने त्यात नऊ टक्के चार्ज उरला होता. पाच मिनिटांत तो बंद पडला, आणि पुढच्याच वळणावर मी घसरून बसले. तळहात सोलला गेला. आई नाही, मी. मालकाकडे डोक्याला बांधायची बॅटरी होती. तीच आमच्या कामी आली. प्रत्येक माणसामागे एक बॅटरी हवी आणि मोबाइल त्यात धरू नये, हे मी आता सगळ्यांना सांगत असते.

उतरताना मालक पुढे चालत मागे उजेड टाकत होता. आईचा एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी. ती मोठ्याने पावलं मोजत होती. शंभर झाली की थांबायची, आणि नात पुन्हा एकपासून सुरू करायची. असे चौदा वेळा शंभर झाले.

चुलीजवळ बसून चहा झाला, नंतर जेवण. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि काळभात. काळभात ही अकोले तालुक्यातली जुनी भाताची जात. साळीची लोंबी काळपट असते, पण तांदूळ पांढरा आणि शिजताना सुवास घरभर. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावरान बियाणं जपली, म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. आईने मालकाच्या आईला लोंबी दाखवायला सांगितली. मग त्या दोघी बियाणं राखेत कसं ठेवायचं यावर जे बोलत बसल्या, त्यात आम्हाला प्रवेश नव्हता.

रात्री थंडी जोरात पडली. जानेवारीत इथे पारा दहा अंशांच्या खाली सहज उतरतो आणि पाण्याजवळ ओल असल्याने ती हाडांत शिरते. शेजारच्या तंबूतल्या एका कुटुंबाने बार्बेक्यूची निखाऱ्यांची शेगडी उचलून आत न्यायला घेतली. मालक धावला आणि त्याने ती अक्षरशः हिसकावून घेतली. आईला आधी वाईट वाटलं. "आमच्या लहानपणी घरात शेगडी असायचीच की." पण ते घर कौलांचं, फटीफटीतून वारा येणारं. तंबू म्हणजे चेन लावलेली पिशवी. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. थंडीसाठी जास्तीची ब्लँकेट मागा, कानटोपी घाला, गरम पाण्याची पिशवी न्या. शेगडी आत नको, कितीही विझत आलेली वाटली तरी.

स्पीकर दहाला बंद झाला. अमावास्या जवळ होती, त्यामुळे आकाश गच्च भरलेलं. आईने नातीला मृग दाखवला, त्याच्या पोटातला बाण दाखवला आणि बाणाच्या रेषेत खाली उतरून लखलखणारा व्याध. मी तंबूच्या दारातून ऐकत होते. मध्येच झोप लागली. जाग आली तेव्हा त्या दोघी एका ब्लँकेटमध्ये बाहेरच बसलेल्या होत्या आणि आई कुजबुजत काहीतरी बाबांबद्दल सांगत होती. दोघी हसत होत्या.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. लेकीला पोहायचं होतं, पण मालकाने ठाम नकार दिला. धरणाच्या पाण्यात काठापासून दोन पावलांवर एकदम खोल होतं आणि खाली गाळ असतो. नाश्ता करून आम्ही रतनवाडीला गेलो. तिथलं अमृतेश्वर मंदिर काळ्या दगडाचं, जुनं, भिंतीभर कोरीवकाम. शेजारी दगडी पायऱ्यांची पुष्करणी. तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. इथूनच रतनगडाची वाट वर जाते. त्या वाटेकडे आईने बराच वेळ मान वर करून पाहिलं, आणि माझ्या नवऱ्याने घाईघाईने गाडीचं दार उघडलं.

जायचं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस वयस्कर मंडळींसाठी उत्तम. मुंबईहून रेल्वेने यायचं तर इगतपुरीला उतरा, पुढे गाडी करा. पावसाळ्यात धबधबे असतात, पण गर्दीही तेवढीच आणि वाटा निसरड्या. मेअखेर ते पहिल्या पावसापर्यंत काजवे दिसतात, झाडंच्या झाडं लुकलुकतात. तेव्हा मात्र गाडीचे दिवे आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. काजवे एकमेकांना उजेडावरच शोधतात आणि आपल्या झगमगाटात त्यांना जोडीदार सापडत नाही.

परतताना आईने मालकाच्या घरून पाच किलो काळभात घेतला. भाव केला नाही, आणि हे तिच्या स्वभावात अजिबात बसणारं नाही. नाशिकला सोडून आम्ही वडोदऱ्याला आलो. त्यानंतरच्या गुरुवारी मी सवयीने सातनंतर फोन करणार होते, तर सहा वाजून दहा मिनिटांनी तिचाच आला.

"काय करतेस?" मी विचारलं.

"चहा घेतेय बाल्कनीत. समोरच्या बिल्डिंगमुळे इथे सहालाच जातो गं सूर्य. तुमच्याकडे अजून आहे का?"

मी खिडकीशी गेले. होता.

"मेमध्ये सुट्टी कधी लागते हिची?" आई म्हणाली. "त्या मुलाचा नंबर पाठव मला. काजव्यांचं विचारून ठेवते."